पाणगोगलगाय आणि मेंदूचा विकार

दक्षिण अमेरिकेतील ला प्लाटा नदीच्या खोऱ्यात राहणारी एक मोठी पाणगोगलगाय १९८० च्या सुमारास तैवानमध्ये नेण्यात आली. पोमासिया कॅनालिक्युलाटा हे तिचे शास्त्रीय नाव. ती झपाट्याने वाढते, तेव्हा शेतकऱ्यांना जोडधंदा मिळेल, असा हिशेब होता. सौभाग्य आणि दीर्घायुष्य सुचविणारे चिनी नावही तिला देण्यात आले. परंतु ग्राहकांना तिची चव रुचली नाही. सोडून दिलेल्या गोगलगाई पाटांतून भातखाचरांत शिरल्या आणि कोवळी रोपे फस्त करू लागल्या. पाणी आटले तरी त्या चिखलात महिनोन्‌महिने दडून राहतात. चीन, फिलिपाईन्स, जपान व व्हिएतनाम येथेही त्यांनी ठाण मांडले.

पिकाची हानी डोळ्यांना दिसते. आरोग्याचा धोका दिसत नाही. या धोक्याचे मूळ उंदरात आहे. उंदराच्या फुप्फुसांकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्यांत अँजिओस्ट्राँगायलस कॅन्टोनेन्सिस नावाचा कृमी राहतो. त्याच्या अळ्या विष्ठेवाटे बाहेर पडून गोगलगाईच्या शरीरात वाढतात. अशी गोगलगाय माणसाने कच्ची वा अर्धवट शिजवून खाल्ली, तर अळ्या थेट मेंदूपर्यंत पोहोचतात. तेथे त्या मरू लागल्या की मेंदूच्या आवरणाचा दाह होतो. तीव्र डोकेदुखी, ताठरलेली मान, उलट्या, त्वचेला मुंग्या ही लक्षणे बहुधा एक ते तीन आठवड्यांत दिसतात. बहुतेक रुग्ण बरे होतात. क्वचित मृत्यूही ओढवतो.

बीजिंगमध्ये २००६ साली हे प्रत्यक्ष घडले. उपाहारगृहात या गोगलगाईच्या अपुऱ्या शिजलेल्या मांसाचा थंड पदार्थ खाल्ल्याने सुमारे १६० जणांना हा विकार जडला. तेच मांस तीन ते पाच मिनिटे खळखळ उकळले असते, तर अळ्या मेल्या असत्या! शेतातील पालेभाजीवर बारीक गोगलगाई चिकटलेल्या असू शकतात. म्हणून कच्ची भाजी पान न्‌ पान पाहून धुणे इष्ट.

हा कृमी भारतालाही परका नाही. मुंबईच्या उंदरांत तो आढळल्याची नोंद १९८० च्या दशकात झाली. केरळमध्ये घोरपडीचे कच्चे मांस औषध म्हणून खाल्लेल्या रुग्णांत हा विकार दिसून आला, कारण गोगलगाय खाणाऱ्या प्राण्यांच्या शरीरातही अळ्या जिवंत राहतात. पाठीच्या कण्यातील द्रवात इओसिनोफिल या पांढऱ्या पेशी वाढलेल्या आढळणे, ही निदानाची महत्त्वाची खूण होय. तथापि ती तपासणी सुचण्यासाठी रुग्णाने गेल्या महिन्याभरात काय कच्चे खाल्ले, हे डॉक्टरांना आधी कळावे लागते.