बेडकाचे गुण कापू नकोस

ये, बस इथे पायरीवर. आईला सांगितलंय, मनूला जरा उशिरा वाढ म्हणून. मघाशी रडलीस ना? राहू दे, मला काय कळत नाही होय? आण ती वही.

हे काय लिहिलंयस? 'बेडकाचे हृदय अपूर्ण असल्याने शुद्ध व अशुद्ध रक्त मिसळते.' अगं, बारावीला मी हेच पाठ केलं होतं. तोंडी परीक्षेत बाईंनी विचारलं, "अपूर्ण आहे, तर बेडूक जगतो कसा?" घाम फुटला की मला! आईला अजून माहीत नाही हे, सांगू नकोस.

तेव्हापासून एक शिकले. दोन जिवांची तुलना करताना कोण पुढे, कोण मागे, हे बघायचं नाही. कोणाला काय लागतं, ते बघायचं.

आधी आपलं घे. चार कप्पे : वर दोन अलिंद, खाली दोन निलय. उजवा निलय रक्त फुप्फुसांकडे पाठवतो, डावा सगळ्या अंगाला. डाव्याचा दाब 120पर्यंत चढतो, उजव्याचा जेमतेम 25. असं का? फुप्फुसातल्या केशवाहिन्या फार नाजूक. गच्चीवरच्या टाकीत पाणी चढवणारी मोटर तुळशीच्या बारीक नळीला जोडून बघ, काय होतं ते! मधली भिंत आहे म्हणून दोन दाब एका हृदयात नांदतात. आणि एवढा जोर कशाला? आपलं अंग कायम 37 अंशांच्या आसपास ठेवायचं असतं. बाहेर डिसेंबरची पहाट असो की आपल्या सोलापूरचा मे. त्यासाठी प्राणवायू अखंड लागतो. दिवसाला लाखभर ठोके, आणि रविवारची सुट्टीसुद्धा नाही.

आता बेडूक. अलिंद दोन, निलय मात्र एकच. तोच फुप्फुसांना पुरवणार, तोच अंगाला. म्हणून दाब बेताचा. पण तू 'मिसळते' म्हणून पूर्णविराम दिलास, तिथंच चुकलीस. त्या निलयाची आतली बाजू स्पंजासारखी खाचाखाचांची असते. बाहेर पडायच्या वाटेवर एक पिळदार झडप असते. त्यामुळे दोन्हीकडचं रक्त आपल्याला वाटतं तेवढं एकजीव होत नाही.

शिवाय बेडूक कातडीनंही श्वास घेतो. त्याची एक धमनी फुटून फुप्फुसाला आणि कातडीला अशी दोन्हीकडे जाते. कातडीतून प्राणवायू घेतलेलं रक्त परत येतं ते उजव्या अलिंदात! म्हणजे उजवीकडचं सगळं 'अशुद्ध' म्हणायचीही सोय नाही. ते शुद्ध-अशुद्ध सोडच. प्राणवायू जास्त, प्राणवायू कमी, असं लिही.

आणि बुडी मारल्यावर फुप्फुसाचा उपयोग काय? तेव्हा तो तिकडचं रक्त कमी करतो. मध्ये भिंत नाही म्हणून ही वाटणी त्याला बदलता येते. आपल्याला नाही येत. जेवढं रक्त अंगाला, तेवढंच फुप्फुसांना. पहिल्या पावसाच्या रात्री शेतातून डराँव डराँव ऐकतेस ना? एवढा उन्हाळा ते जमिनीत दडून होते, शरीराचा खर्च अगदी कमी करून. आपलं हृदय तसं बसून राहिलं तर संपलंच.

अजून एक सांगते. माझी चिऊ पोटात होती तेव्हा डॉक्टरांनी समजावलं होतं : बाळाच्या दोन अलिंदांमध्ये एक झरोका असतो. पोटात फुप्फुसं कामाला लागलेली नसतात, म्हणून बरंचसं रक्त त्यांना वळसा घालून जातं. बाळ श्वास घेऊ लागलं की दाब बदलतो आणि झरोका मिटतो. चार मोठ्या माणसांमागे एकाचा तो पुरता चिकटतही नाही, आणि बहुतेकांना त्याचा पत्ताही नसतो. बेडकाची वाट निलयात, बाळाची अलिंदांत, ही गल्लत पेपरात करू नकोस. पण कारण बघ, सारखंच : फुप्फुस बंद, तर रक्त दुसरीकडून.

आणि बेडकाचं आपल्यावर ऋण आहे बरं का. 1628मध्ये हार्वेनं रक्त फिरतं हे दाखवलं, पण धमनीतलं रक्त शिरेत जातं कुठून, ते त्याला दिसलं नव्हतं. 1661मध्ये माल्पिगीनं सूक्ष्मदर्शकाखाली केशवाहिन्या पाहिल्या, त्या बेडकाच्या फुप्फुसात.

आकृती काढताना हृदयाची उजवी बाजू तुझ्या डाव्या हाताला येते, हे आधी कोपऱ्यात लिहून ठेव. उत्तरात चार कप्पे, तीन कप्पे एवढंच मोजून थांबू नकोस. प्रत्येक फरकापुढे 'कारण' असा एक रकाना आख.

आणि मावशी म्हणाली ना, "आमची पहाटे चारला उठते"? उठू दे. तू रात्री एकपर्यंत जागतेस, ते तिनं कुठं पाहिलंय? तिचा हिशोब तिच्यापाशी.

घे पेन. 'अपूर्ण' खोड आधी. मग आत चल, भाकरी गार झाली.