देवळाभोवतीची पेठ : जुन्या वास्तूंची नोंद कशी व कशासाठी

श्रीदर्शनासाठी मालवणात येणारे भाविक बहुधा दोन ठिकाणे पाहून परततात : देवालये आणि सिंधुदुर्ग किल्ला. या दोहोंना जोडणारी वाट ज्या पेठेतून जाते, तिच्याकडे मान वर करून पाहणारे थोडेच. प्रस्तुत लेख त्या पेठेतील जुन्या घरांविषयी, दुकानांविषयी आणि लहानमोठ्या देवळांविषयी आहे.

किल्ल्याची काळजी घेणारे कायदे आहेत. मोरयाच्या धोंड्यापाशी पूजन करून छत्रपती शिवाजी महाराजांनी १६६४ साली कुरटे बेटावर ज्या दुर्गाचे काम आरंभिले, तो आज केंद्र शासनाचे संरक्षित स्मारक आहे. जुलै २०२५ मध्ये मराठ्यांच्या बारा किल्ल्यांचा समावेश युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत झाला, त्यातही त्यास स्थान लाभले. अशा स्मारकाभोवती १०० मीटरपर्यंत बांधकामास मनाई असते व त्यापुढील २०० मीटरपर्यंत परवानगी घ्यावी लागते. परंतु ही मर्यादा समुद्र ओलांडून भर पेठेपर्यंत पोहोचत नाही. तटाचा चिरा काढणारा शिक्षेस पात्र होतो. पेठेतील शंभर वर्षांचे घर मात्र आठवड्याभरात नाहीसे होते आणि ते कसे होते हे सांगणारा कागदही मागे उरत नाही.

यावर उपाय कायद्यातच आहे. १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियमानुसार शहराच्या विकास योजनेत ऐतिहासिक वास्तूंच्या जतनाची तरतूद करता येते. मात्र योजना आखणाऱ्याच्या हाती यादी हवी. मुंबईने १९९५ साली वारसा नियमावली लागू केली तेव्हा प्रथम अशीच यादी सिद्ध झाली होती. तीत सहाशेहून अधिक नोंदी होत्या. यादी करणे हे खर्चाचे काम नाही, चिकाटीचे आहे.

आरंभ नकाशापासून करावा. नगर भूमापन कार्यालयातील नकाशा घेऊन गल्लीगणिक पायी फिरावे आणि प्रत्येक वास्तूस एक क्रमांक द्यावा. भव्य तेवढीच निवडू नये. पुढे प्रत्येक क्रमांकाचे एक पत्रक भरावे : मालक व वहिवाटदार कोण, मिळकत पत्रिका काय सांगते, वास्तू कशासाठी बांधली व आज तीत काय चालते, भिंती, खांब व छप्पर कशाचे, मागाहून काय बदलले, आज अवस्था काय. दर्शनी बाजूचे, बाजूच्या भिंतींचे आणि आतील कोरीव कामाचे छायाचित्र जोडावे. १ मे १९८१ पूर्वी हा प्रदेश रत्नागिरी जिल्ह्यात होता, म्हणून जुन्या कागदांचा माग तेथवर काढावा लागू शकतो.

कागद मिळाला नाही तरी वास्तू स्वतः पुष्कळ सांगते. कौलांचेच पाहावे. मंगळूर येथे बासेल मिशनचा कौलांचा कारखाना १८६५ साली सुरू झाला. त्याआधी आपल्याकडे हाताने घडविलेली नळीची कौले असत. मंगळुरी कौले छपरावर दिसली तर एक तर घर त्यानंतरचे, नाही तर छप्पर नंतरचे. वासे व रिपा पाहिल्या की यातले कोणते हे बहुधा उलगडते. कौल उलटे करून पाहावे. कारखान्याचे नाव पुष्कळदा तेथेच उमटलेले असते. भिंतीचा चिरा, त्यावरील गिलावा, ओटीचे लाकडी खांब, माजघराच्या दाराची चौकट, खळ्यातील तुळशीवृंदावन, सर्वांची अशीच वाचना करता येते.

हे काम कोणत्या दिवसांत करावे याचे उत्तर कोकणात वेगळे आहे. येथील अनेक घरे वर्षभर कुलूपबंद असतात. मिळकत पत्रिकेवर नावे दहा-बारा, राहणारा कोणी नाही, म्हणून फुटके कौलही कोणी बदलत नाही. ती घरे गणेशोत्सवात चाकरमानी आले म्हणजेच उघडतात. त्या सुमारास पावसाने छप्पर कोठे गळते तेही दिसते, आणि घराची हकीकत सांगणारी वडीलधारी माणसे ओटीवर भेटतात. दीपावली पाडव्याला श्री देव रामेश्वर व श्री देव नारायण यांची पालखी नगरातून फिरते. तिचा मार्गही नकाशावर आखून घ्यावा, कारण पालखी जेथे थांबते ती जागा, तो पिंपळ, तो पार हीदेखील नोंद घेण्याजोगी स्थळे आहेत. केवळ इमारती मोजणाऱ्या यादीतून ती निसटतात.

नोंदीनंतर श्रेणी ठरते. पहिली राष्ट्रीय महत्त्वाच्या वास्तूंची, दुसरी प्रादेशिक वा स्थानिक महत्त्वाच्या वास्तूंची, तिसरी गावाच्या रूपास हातभार लावणाऱ्या वास्तूंची. पेठेतील बहुतेक घरे तिसऱ्या श्रेणीत बसतील. त्यांचे मोल एकेकट्याचे नसून रांगेचे आहे. मालकांना भीती वाटते की यादीत नाव आले की खिळा ठोकण्यासही बंदी होईल. तसे नाही. यादी अंतिम होण्यापूर्वी हरकती व सूचना मागविल्या जातात, आणि नित्याची डागडुजी अडत नाही. पाडणे व मोठा फेरबदल यांस मात्र परवानगी लागते.

आता देणगीदारांशी थोडे स्पष्ट बोलतो. जीर्णोद्धाराच्या नावाखाली कोकणातील कित्येक देवळांचे लाकडी सभामंडप गेले व तेथे सिमेंटचे आले. कोरीव खांबांवर तैलरंग चढला. भावना निर्मळ होती, परिणाम दुःखद झाला. जांभा सच्छिद्र दगड आहे. चुन्याच्या गिलाव्यातून त्यातील ओल बाहेर पडते. सिमेंट ती कोंडून धरते आणि कालांतराने दगडाचे पापुद्रे सुटतात. महाराजांच्या हातापायाचे म्हणून किल्ल्यात दाखविले जाणारे ठसे चुन्यावरच उमटलेले आहेत, हे दर्शन घेताना ध्यानी ठेवावे. चुन्याच्या भिंतीवर दात्याचे नाव संगमरवरी फरशीसारखे कोरता येत नाही, ही अडचण आम्हास ठाऊक आहे. म्हणूनच चुना, कौले व सुताराची मजुरी यांसाठी दिलेल्या देणगीचे मोल आम्ही अधिक मानतो.

ज्या कुटुंबांची मुळे या पेठेत आहेत, त्यांच्याकडे लग्नकार्यांची जुनी छायाचित्रे असतात. त्यांत माणसांच्या मागे ओटी, दार किंवा देवळाची दीपमाळ दिसते. अशी छायाचित्रे देवस्थान कार्यालयात दाखवावीत. पाठीमागे वर्ष व स्थळ लिहिलेले असल्यास उत्तम. प्रत काढून मूळ छायाचित्र त्याच दिवशी परत केले जाईल.