गर्भारपणातील तपासण्या आणि बाळंतपणाची पूर्वतयारी

गर्भार स्त्रीचा रक्तदाब वाढू लागला, तरी ते तिला स्वतःला जाणवतेच असे नाही. ती हिंडते-फिरते, घरकाम करते. यंत्राचा आकडा मात्र वेगळेच सांगत असतो. गर्भारपण हा आजार नव्हे, हे वडीलधाऱ्या बायकांचे म्हणणे खरे आहे. परंतु काही आजार ह्या काळात गुपचूप येतात. म्हणूनच कसलाही त्रास नसताना तपासणीस जावयाचे असते.

ही पद्धत फार जुनी नाही. एडिंबरो येथील डॉ. जॉन विल्यम बॅलंटाइन यांनी १९०१ साली गर्भवतींसाठी स्वतंत्र रुग्णालयाची मागणी केली, आणि १९२९ साली ब्रिटनच्या आरोग्य मंत्रालयाने तपासण्यांचे वेळापत्रक घालून दिले. आपल्याकडे किमान चार तपासण्या सांगितल्या आहेत: पहिली बाराव्या आठवड्याच्या आत, दुसरी चौदा ते सव्वीस, तिसरी अठ्ठावीस ते चौतीस ह्या आठवड्यांत, आणि चौथी छत्तिसाव्यानंतर. जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ पासून आठ भेटींची शिफारस केली आहे.

पहिल्या भेटीला जाताना शेवटच्या पाळीचा पहिला दिवस आठवून जावे. पुष्कळ स्त्रिया तो तिथीवरून किंवा सणावरून सांगतात. त्यात काही बिघडत नाही, मात्र घरीच पंचांग पाहून त्याची तारीख काढून ठेवावी. तीत नऊ महिने सात दिवस मिळविले की बाळंतपणाचा अदमास येतो. पाळी १० जूनला आली असेल, तर १७ मार्च. पूर्वीची बाळंतपणे, गर्भपात, शस्त्रक्रिया, चालू औषधे ह्यांपैकी काहीही संकोचाने लपवू नये. विचारावयाचे प्रश्न कागदावर लिहून न्यावेत. डॉक्टरांसमोर बसल्यावर निम्मे विसरतात, हा सर्वांचाच अनुभव आहे.

दर भेटीत वजन, रक्तदाब व लघवी पाहतात, रक्तातील हिमोग्लोबिनही मोजतात. ते ११ ग्रॅमच्या खाली गेल्यास पंडुरोग समजावा. रक्तदाब १४०/९० किंवा अधिक आणि लघवीत प्रथिन, ही जोडी पुढे झटके येण्याची पूर्वसूचना असू शकते. एका आकड्यापेक्षा मागील आकड्यांशी त्याची तुलना अधिक बोलकी असते. लोहाची गोळी चौथ्या महिन्यापासून रोज एक, निदान १८० दिवस घ्यावयाची असते. ती चहाबरोबर घेऊ नये. तिच्यामुळे शौच काळे होते, त्यास भिण्याचे कारण नाही.

आता आपल्या समाजातील एका रूढीचा विचार करू. पहिल्या बाळंतपणासाठी मुलगी सातव्या महिन्यानंतर माहेरी जाते. आईच्या हाताखाली तिला विसावा मिळतो, ही रूढी मोडावी असे मुळीच नाही. परंतु तपासणीचे कार्ड सासरच्या कपाटात राहून गेले, तर माहेरच्या दवाखान्यात ती नवखी ठरते. रक्तदाब पूर्वी किती होता हे तेथे कोणासच ठाऊक नसते, आणि हेच आठवडे अधिक जोखमीचे असतात. यासाठी कार्ड, रक्तगटाचा कागद व सोनोग्राफीचे अहवाल लुगड्यांच्या आधी पिशवीत घालावेत, आणि माहेरी पोचल्यावर पहिल्याच आठवड्यात तेथील आशाताईंकडे नोंद करावी. प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानानुसार २०१६ पासून दर महिन्याच्या ९ तारखेस सरकारी दवाखान्यांत डॉक्टरांकडून मोफत तपासणी होते. तो दिवस साधावा.

बाळंतिणी का दगावतात ह्याचा अभ्यास करून थॅडियस व मेन यांनी १९९४ साली तीन विलंब दाखविले: निर्णयाचा, पोचण्याचा, आणि पोचल्यावर उपचार मिळण्याचा. पहिले दोन घरच्या माणसांच्या हाती पुष्कळसे असतात. रक्तस्राव, असह्य डोकेदुखी, दृष्टी अंधुक होणे, चेहऱ्यास सूज, ताप, पाणी जाणे, बाळाची हालचाल मंदावणे ह्यांपैकी काहीही झाल्यास कोणाच्या परवानगीची वाट न पाहता निघावयाचे, हे सासू, नवरा व आई यांनी आधीच मान्य करून ठेवावे. कर्ता पुरुष परगावी असेल तर कोणी निर्णय घ्यावयाचा, हेही त्याच बैठकीत ठरावे.

वाहन कोणते, रात्री चालकास कोण उठविणार, हे आठव्या महिन्यातच पक्के करावे; सरकारी रुग्णवाहिकेचा क्रमांक भिंतीवर लिहावा. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमानुसार २०११ पासून सरकारी रुग्णालयातील बाळंतपण, शस्त्रक्रियेसह, मोफत आहे. तरी वरखर्चाला थोडे पैसे बाजूस असावेत. रक्त देऊ शकतील अशा दोघा-तिघांशी बोलून ठेवावे. थोरले मूल असल्यास ते त्या रात्री कोणापाशी निजेल, हे त्यालाही सांगून ठेवावे.