त्या संध्याकाळी घरात काय बोललं जातं



नंदुरबार जिल्ह्यातल्या लोणखेड्यात जून-जुलैचे दिवस धावपळीचे असतात. पूज्य साने गुरुजी विद्या प्रसारक मंडळाच्या आवारात कला-विज्ञान-वाणिज्यापासून अभियांत्रिकी आणि औषधनिर्माणशास्त्रापर्यंत शिक्षणाची सोय आहे. त्यामुळे धडगावकडून घाट उतरून, तळोदा-अक्कलकुव्याकडून एसटीने, शहाद्याच्या खेड्यांतून बापाच्या मोटारसायकलवर मागे बसून मुलं येतात. हातात प्लास्टिकची फाइल, फाइलीत झेरॉक्सचे गठ्ठे. या गर्दीत दरवर्षी काही पोरं उशिरा पोचतात. मुदत कालच संपलेली असते. मला आज बोलायचंय ते त्यांच्या आईबापांशी, आणि ज्यांच्यावर उद्या ही वेळ येऊ शकते त्यांच्याशीही.

तारीख चुकली की पोरगं घरी कसं येतं, ते तुम्हाला माहीत आहे. चप्पल काढतं, कोपऱ्यात बसतं, जेवत नाही. मग हळूच सांगतं. आणि घरातला पहिला शब्द बहुतेक वेळा असा निघतो : ‘बारा वर्षं शिकून एवढंही जमलं नाही?’ शेजारच्या नानांच्या पोराचं नाव निघतं. मोबाइलवर काढलेल्या तासांचा हिशोब निघतो. या रागामागे भीती आहे, हे मी जाणतो. कापसाच्या आणि केळीच्या भावावर ज्यांचं घर चालतं, त्यांना एक वर्ष फुकट जाणं परवडत नाही. पण पोराला त्या क्षणी भीती दिसत नाही, फक्त राग दिसतो. आणि पुढच्या वेळी काही अडलं, तर ते तुम्हाला सांगायला येत नाही. पुढचं सगळं नुकसान तिथून सुरू होतं.

चुकलेल्या तारखेवरून पोराची लायकी ठरत नाही, हे मी नुसतं धीर देण्यासाठी म्हणत नाही. २०२४ सालची गोष्ट घ्या. उत्तर प्रदेशातल्या मुझफ्फरनगर जिल्ह्यातला अतुल कुमार, मजुरी करणाऱ्या दलित कुटुंबातला मुलगा, जेईई अॅडव्हान्स्ड उत्तीर्ण झाला. धनबादच्या आयआयटीत त्याला इलेक्ट्रिकल अभियांत्रिकीची जागा मिळाली. जागा पक्की करायला १७,५०० रुपये भरायचे होते आणि मुदत होती २४ जून, संध्याकाळी पाचपर्यंत. घरात तेवढे पैसे नव्हते. लोकांकडून जमवाजमव होईपर्यंत शेवटची मिनिटं आली आणि पैसे भरण्याआधीच पोर्टल बंद झालं. देशातल्या अतिशय अवघड परीक्षांपैकी एक पार केलेला मुलगा काही मिनिटांनी बाहेर राहिला. तो आळशी होता असं कोण म्हणेल? ३० सप्टेंबरला तेव्हाचे सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या पीठाने राज्यघटनेच्या कलम १४२ खालचा विशेष अधिकार वापरून त्याला प्रवेश द्यायला सांगितलं.

त्याच्या आधी, २०२१ मध्ये, आपल्या मुंबईच्या आयआयटीचं असंच एक प्रकरण गाजलं होतं. प्रिन्स जयबीर सिंग या दलित विद्यार्थ्याला पवईला स्थापत्य अभियांत्रिकीची जागा मिळाली होती. आधी पैसे कमी पडले. बहिणीने पाठवले, तर तांत्रिक अडचणीमुळे ते भरलेच गेले नाहीत आणि मुदत उलटली. मुंबई उच्च न्यायालयाने त्याची याचिका फेटाळली. सर्वोच्च न्यायालयाने मात्र २२ नोव्हेंबरला ४८ तासांत प्रवेश द्यायचा आदेश काढला, तोही दुसऱ्या कुणाची जागा न काढता.

या दोन्ही गोष्टी वाचून ‘आपणही कोर्टात जाऊ’ असं कृपा करून ठरवू नका. अशी दारं फार थोड्यांसाठी उघडतात, आणि तीही महिनोन्‌महिने धडपडल्यावर. मी त्या सांगितल्या त्या एवढ्यासाठी, की देशाच्या सर्वोच्च न्यायपीठाने त्या मुलांकडे गुन्हेगार म्हणून पाहिलं नाही. आपल्या घराने तरी का पाहावं?

आता मुदत चुकते कशी, ते नीट पाहू. आपल्याकडे ती शेवटच्या दिवशी क्वचितच चुकते. ती दोन-तीन महिने आधीच चुकायला लागलेली असते. दहावीच्या गुणपत्रिकेवर नाव एक आणि आधार कार्डावर दुसरं. फॉर्म भरताना मोबाइल नंबर दिला मामाचा, मामा गेला सुरतला, आणि ओटीपी त्याच्या फोनवर. कधी नंबर बापाचाच असतो, पण रिचार्ज संपलेला. कधी सायबर कॅफेवाल्याने घाईत स्वतःचाच नंबर टाकलेला, आणि प्रवेशाचे सगळे निरोप त्याच्याकडे पडून. उत्पन्नाचा दाखला, रहिवासी दाखला, जातीचा दाखला, नॉन-क्रीमी लेयर या सगळ्यांसाठी सेतू केंद्रावर रांग लागते ती नेमकी पेरणीच्या दिवसांत. बाप शेतात, पोरगं एकटं रांगेत, आणि ‘उद्या या’ हे उत्तर. डोंगरातल्या पाड्यांवर तर मोबाइलला रेंज मिळवायला टेकडी चढावी लागते. सर्व्हरचं दुखणं तर साऱ्या राज्याचं आहे. अकरावीचे प्रवेश २०२५ मध्ये पहिल्यांदाच संपूर्ण महाराष्ट्रात ऑनलाइन झाले, तेव्हा २१ मेला पहिल्याच दिवशी संकेतस्थळ कोलमडलं आणि नोंदणी २६ मेपासून नव्याने सुरू करावी लागली.

आणखी एक गफलत मला फार वेळा दिसते. पोरगं सांगतं, ‘फॉर्म भरला.’ घरचे निश्चिंत होतात. पण राज्याच्या सामाईक प्रवेश परीक्षा (सीईटी) कक्षाच्या प्रवेशप्रक्रियेत माहिती भरणं ही पहिली पायरी असते. शुल्क भरायचं असतं, कागदपत्रं अपलोड करायची असतात, त्यांची छाननी होऊन अर्ज कायम झाला की नाही ते पाहायचं असतं. गुणवत्ता यादी लागल्यावर महाविद्यालयांचे पसंतीक्रम वेगळे भरायचे असतात. जागा मिळाली तरी ती ठरलेल्या वेळेत स्वीकारावी लागते आणि मग महाविद्यालयात जाऊन प्रवेश घ्यावा लागतो. प्रत्येक पायरीची तारीख वेगळी. सतरा-अठरा वर्षांच्या पोराने हे सगळं एकट्याने सांभाळावं, ही अपेक्षाच मला मान्य नाही. लग्नकार्यात घर जसं कामं वाटून घेतं, तशी ही कामंही वाटून घ्यायला हवीत. दाखल्यांचं बापाने पाहावं, पावत्या आईने जपाव्यात, तारखा मोठ्या भावंडाने भिंतीवर लिहून ठेवाव्यात. तुम्हाला लिहितावाचता येत नसेल तरी रोज रात्री एवढं विचारता येतं : ‘पुढची तारीख कोणती? काय राहिलंय?’ आणि उत्पन्नाच्या दाखल्यासारखी कामं निकालाची वाट न पाहता एप्रिल-मेमध्येच हाती घ्यावीत. व्यावसायिक अभ्यासक्रमांना राखीव जागेवर जात वैधता प्रमाणपत्र लागतं. त्याचा अर्ज तर बारावीच्या वर्षातच करून पोचपावती जपून ठेवावी.

तरीही चुकलं, तर?

त्या रात्री मुलाला जेवू घाला. ‘उद्या आपण दोघं जाऊन विचारू’ एवढंच म्हणा. आणि सकाळी खरंच बरोबर जा. आपल्याकडे बाप बरोबर असला की कार्यालयात उत्तरं वेगळी मिळतात. असं असू नये, पण असतं. पहिली चौकशी मुदतवाढीची करा, कारण ती पुष्कळदा मिळते आणि तिची सूचना संकेतस्थळावर गुपचूप येऊन बसते. अभियांत्रिकी, औषधनिर्माणशास्त्र अशा अभ्यासक्रमांत केंद्रीय प्रवेश फेरीच्या (कॅपच्या) नोंदणीची तारीख गेली, तरी फेरीबाहेरच्या जागांसाठी नोंदणी बहुधा सुरू ठेवतात. मात्र इथे डोळे उघडे ठेवा. शुल्काच्या सरकारी सवलती सहसा केंद्रीय फेरीतून झालेल्या प्रवेशालाच लागू होतात. २०२४-२५ पासून ओबीसी, एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग) आणि आर्थिक दुर्बल घटकांतल्या, आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ झालं आहे, पण त्यालाही हीच अट आहे. म्हणून ‘जागा मिळवून देतो’ म्हणणाऱ्या कुणाच्या हातात पैसे देण्याआधी महाविद्यालयाच्या कार्यालयात समोर बसून विचारा : हा प्रवेश कोणत्या फेरीतला, सवलत मिळेल का, चार वर्षांचं शुल्क किती? कर्ज काढून घेतलेली चुकीची जागा एका वाया गेलेल्या वर्षापेक्षा महाग पडते.

तेही जमलं नाही तर बीए, बीकॉम, बीएस्सीच्या रिकाम्या जागा पाहा. आयटीआयच्या पुढच्या फेऱ्या पाहा. नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठात नाव घालून सोबत सीईटीचा पुन्हा अभ्यास करता येतो. वसतिगृहाच्या अर्जाचीही तारीख वेगळी असते. प्रवेशाच्या गडबडीत ती निसटली, तर लांबच्या पाड्यावरच्या पोराचा मिळालेला प्रवेशही वाया जातो.

आणि मुलावर लक्ष असू द्या. दोन-चार दिवस गप्प राहणं समजू शकतं. पण झोप उडाली, खाणं सुटलं, ‘माझा काही उपयोग नाही’ असं बोलायला लागलं, तर त्याला एकटं सोडू नका. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या १४४१६ या क्रमांकावर मोफत बोलता येतं, मराठीतही. फोन लावायला लाजू नका.

आता जे मला सगळ्यात कळकळीने सांगायचं आहे ते. मुलाची तारीख चुकली तर घर म्हणतं, ‘पुढच्या वर्षी बघू.’ मुलीची चुकली तर कुणी काही म्हणत नाही, आणि दिवाळीनंतर पाहुणे येऊन जातात. कुणी वाईट मनाने करत नाही. ‘रिकामी बसली आहे’, ‘स्थळ चांगलं आहे’, ‘लग्नानंतर शिकेल की’. अर्ध्या तासाचा उशीर अशा रीतीने जन्माचा होतो. जिचं काम फक्त एका दाखल्यावाचून अडलं होतं, तिचं शिक्षणच संपतं. मुलगी अठरा वर्षांची झाली म्हणजे लग्नाला कायदा आडवा येत नाही, पण आपलं मन तरी यावं. मुलीने ते वर्ष घरी काढायचं म्हटलं, तर ते कशासाठी, हे तिच्यासमोर ठरवा. कोणती परीक्षा, कोणता महिना, अभ्यासाला घरात कोणती वेळ, धुणंभांडी आणि शेतातल्या निंदणीतून तिला किती मोकळीक, सगळं उघडपणे बोला. आणि आलेल्या पाहुण्यांना सांगा, यंदा नाही.

तुमच्या घरात यंदा बारावीची मुलगी असेल, तर या आठवड्यात तिची फाइल उघडून तिच्याबरोबर बसा. तारीख चुकलीच, तर उद्या सकाळच्या एसटीने तिला घेऊन महाविद्यालयात या.