झड उघडल्यावरचा ताप

विदर्भातल्या ग्रामीण दवाखान्यात नोकरी करणाऱ्याला स्क्रब टायफस नवा नाही. पण २०१८ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात नागपूरकडे त्याने जो धुमाकूळ घातला, त्यानंतर मी ओपीडीत बसताना एक डोळा आभाळावर ठेवायला लागले.

१. पाऊस पडतो तेव्हा नाही, उघडतो तेव्हा दिवस मोजायला लागावं.
हा आजार पसरवणारा माइट, म्हणजे कोळ्याच्या जातीचा बारका जीव, मातीत राहतो. ओल आणि ऊब मिळाली की त्याची अंडी साधारण दोन आठवड्यांत फुटतात. अळी गवताच्या पात्यावर चढून बसते आणि उंदीर जावो की माणूस, जो घासून जाईल त्याला चिकटते. चावल्यावर ताप यायला आणखी सहा ते एकवीस दिवस. म्हणून जुलैच्या झडीचे पेशंट ऑगस्टच्या मध्यात येतात आणि तोवर पाऊस सगळे विसरलेले असतात.

२. “काय चावलं?” हा प्रश्न फुकट.
अळी मिलिमीटरच्या पाचव्या भागाएवढी. दिसत नाही, चावलेलं दुखतही नाही. मी विचारते, “मावशी, निंदाले कधी गेल्या होत्या?” तिथून गाडी रुळावर येते. धुऱ्यावरचं गवत कापलं, बांधावर जेवायला बसलो, नाल्याकाठी शेळ्या चारल्या. मग नर्सबाई पडदा ओढतात आणि आम्ही डाग शोधतो. विडीचा चटका बसावा तशी काळी खपली, भोवती लाल कडा. ती बहुधा कपडा आवळतो तिथे सापडते: परकराच्या नाडीखाली, काखेत, जांघेत, स्तनाखालच्या घडीत. संकोचापोटी बायका दाखवत नाहीत आणि घाईत डॉक्टर बघत नाहीत. खपली प्रत्येकाला असतेच असं नाही, पण न बघता “नाही” लिहिणं मला पटत नाही.

३. मृगाच्या किड्याला दोष देऊ नका.
पहिल्या पावसात निघणारा तो लाल मखमली किडा याचा दूरचा नातलग खरा, पण निरुपद्रवी. पोरांना खुशाल बघू द्या.

४. उंदीर कारणीभूत, पण अर्धाच.
अळी आयुष्यात एकदाच ऊतींमधला रस पिते, तोही अळी असतानाच. जंतू तिला बहुतेक वेळा आईकडून, अंड्यातूनच मिळालेला असतो. थोडक्यात, रोगाचं कोठार माइटच. त्यामुळे तो अख्ख्या शिवारात नसतो, ठिकठिकाणी ओल्या झुडपांत ठाण मांडून असतो. दोन शेजारी शेतांपैकी एकातून पेशंट येतात, दुसऱ्यातून कुणी नाही. पाऊसही सगळा सारखा नसतो; माझ्या पाहण्यात धो धो पावसापेक्षा रिपरिप वाईट. धो धो पावसात शेतात माणूस जातच नाही. रिपरिपीत मात्र गवतही वाढतं आणि मजूरही वाकलेले असतात.

५. “पावसाळ्यातला आजार” हे आपल्याकडचं गणित.
तमिळनाडूत मोठा पाऊस ईशान्य मोसमी वाऱ्यांचा, ऑक्टोबरपासूनचा. वेल्लोरकडे म्हणूनच थंडीतही पेशंट भरपूर असतात. आपल्याकडेसुद्धा परतीचा पाऊस लांबला की दिवाळीपर्यंत सावध राहावं लागतं. कॅलेंडर बघून “सीझन संपला” म्हणणाऱ्यांशी माझं नेहमी वाजतं.

६. रिपोर्टची वाट बघत बसू नये.
डेंग्यू निगेटिव्ह, मलेरिया निगेटिव्ह, पाच दिवसांचा ताप, डोकं फुटेल असं दुखणं, प्लेटलेट उतरलेल्या आणि पंधरा दिवसांपूर्वीचं निंदण. एवढं जुळलं की मी डॉक्सिसायक्लिन सुरू करते, गरोदर बाईला अ‍ॅझिथ्रोमायसिन. नेहमीच्या महागड्या इंजेक्शनांना हा जंतू दाद देत नाही. साध्या, स्वस्त गोळीने बहुतेकांचा ताप दोन दिवसांत उतरतो. उशीर झाला की फुप्फुसं, किडनी, मेंदू, सगळीकडे पसरतं आणि मग नागपूरच्या आयसीयूत बेड शोधण्यात रात्र जाते.