करवंदीचें कुंपण

उन्हाळ्याच्या सुटींत करवंदें खाऊन ज्याचे ओठ जांभळे झाले नाहींत असा विद्यार्थी आमच्या कोरेगांवाकडे विरळाच आढळेल. करवंद खावयाचें आणि त्याच्या बिया थुंकून टाकावयाच्या, हा आपला नित्याचा क्रम. त्या टाकलेल्या बियांविषयींच आज आम्हांस लिहावयाचें आहे.

करवंद हें रानांतील सदापर्णी झुडूप आहे. संस्कृतांत त्यास करमर्द म्हणतात. लिनीअस या स्वीडिश शास्त्रज्ञानें १७६७ सालीं त्यास 'कॅरिसा कॅरंडस' असें नांव दिलें. त्यांतील दुसरा शब्द आपल्याच देशांतील नांवाचें रूप आहे. कण्हेर, रुई व सदाफुली हीं त्याच्याच कुळांतील. पान किंवा हिरवें फळ तोडलें असतां जो पांढरा चीक निघतो, ती ह्या नात्याची एक खूण. (मात्र चीक असलेलें प्रत्येक फळ खाण्याजोगें असतें असें कोणीं समजूं नये, कण्हेर अत्यंत विषारी आहे.)

महाबळेश्वरीं वर्षाकाठीं ५,००० मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. आमचा तालुका त्याच जिल्ह्यांत असूनही पर्जन्यछायेंत आहे, व येथील माळ फाल्गुनांतच करपूं लागतात. करवंदीला दोन्ही ठिकाणें मानवतात. तिचें पान जाड व चिवट असल्यानें त्यांतून पाणी थोडें उडतें, आणि मुरमाड, खडकाळ जमिनींतही तिचीं मुळें आपली वाट शोधतात. इतर झाडें सुकलेलीं असतां ती हिरवी असते, इतकेंच नव्हे तर त्याच दिवसांत तिला जाईसारखीं पांढरीं सुवासिक फुलें येतात.

आतां कुंपणाकडे वळूं. शेताभोंवतीं कांटे घालावयाचे म्हणून बोरी-बाभळीच्या फांद्या, आणि कधीं करवंदीच्या जाळ्याही, डोंगरावरून तोडून आणितात. तें कुंपण वाळतें, वाळवी लागते, आणि दुसऱ्या वर्षीं पुन्हां कोयता घेऊन डोंगर गांठावा लागतो. डोंगर उघडा पडतो तो असा. त्याऐवजीं करवंदीच बांधावर लावली तर तिचे जोड-कांटे गुरांस अडवितात, मुळें बांधाची माती धरून ठेवितात, आणि घरांत लोणचें-मुरंबा होतो तो निराळाच.

परंतु ती लावावी कशी? येथें आमची चूक सांगणें बरें. एके वर्षीं आम्हीं करवंदांच्या बिया धुऊन, उन्हांत खडखडीत वाळवून बाटलींत भरून ठेविल्या व पुढील जूनांत पेरिल्या. महिनाभर पाणी घातलें. एकही कोंब वर आला नाहीं. दोष जमिनीचा समजून वाफा बदलला, खत घातलें. पण मेलेलें बीं काय उगवणार! करवंदीच्या बियांची उगवणशक्ति फार थोडे दिवस टिकते, हें आम्हांस तेव्हां ठाऊक नव्हतें.

म्हणून पूर्ण पिकलेलीं काळीं फळें घ्यावीं, गर चोळून बिया धुवाव्या, एक दिवस सावलींत ठेवाव्या, आणि त्याच आठवड्यांत वाफ्यांत बोटाच्या एका पेराहून कमी खोल पेराव्या. फळें पिकतात आणि पावसाळा येतो, हें लागोपाठच घडतें. रानांत बुलबुलादि पक्षी हेंच काम करितात. रोपें सावकाश वाढतात, त्यामुळें धीर सोडूं नये. पुढील पावसाळ्याच्या आरंभीं बांधावर चर खणून दोन दोन फुटांवर तीं लावावीं. पहिले दोन उन्हाळे अधूनमधून पाणी द्यावें व शेळ्यांपासून जपावें. मोठेपणीं कांटे तिचें रक्षण करितात, परंतु कोंवळा पाला शेळ्या सोडीत नाहींत. तिसऱ्या-चौथ्या वर्षीं फळें दिसूं लागतात.

ज्यांस कुंपणापेक्षां फळांचीच अधिक हौस आहे, त्यांच्यासाठीं दापोलीच्या कोकण कृषि विद्यापीठानें 'कोंकण बोल्ड' नांवाची मोठ्या फळांची जात काढली आहे. परंतु बियांपासून केलेलें झाड मूळ झाडासारखेंच निपजेल असा भरंवसा नसतो. म्हणून अशा जातीचीं रोपें गुटी बांधून केलेलीं घ्यावीं, आणि तीं सहा-सात फुटांवर लावावीं.

छाटणीविषयीं पालकांस एक सूचना. फुलें फांद्यांच्या शेंड्यांकडे येतात, म्हणून थंडींत कुंपण कातरलें तर त्या वर्षींचें फळ गेलेंच. फळें उतरतांच, पहिल्या पावसांत छाटावें. मग नवीन फुटवे येऊन जाळी खालपासून दाट होते. हातांत जाड कापड गुंडाळल्याशिवाय मात्र मुलांस त्या कामास लावूं नये.