पाया खोदताना जुने काही लागले तर

आपल्या वाचकांपैकी बरेच जण गवंडीकाम, खोदकाम किंवा ठेकेदारी करतात. नव्या घराचा पाया घेताना कधी नाण्यांचे गाडगे, कधी मूर्ती लागते. माहितीअभावी अशी वस्तू लपवली जाते. मग हक्काचा वाटा तर जातोच, वर खटलाही मागे लागतो. म्हणून कायदा नीट समजून घेऊ.

जमिनीत दडलेल्या धनासाठी १८७८ चा निखात निधी कायदा आहे. सापडलेल्या ठेव्याची किंमत १० रुपयांहून अधिक असेल, तर सापडणाऱ्याने जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावे लागते. काय सापडले, अंदाजे किंमत, जागा आणि तारीख एवढे त्यात हवे. चौकशीत तो ठेवा बेवारस ठरला आणि जमीनमालकाशी वेगळा करार नसला, तर तीन हिस्से सापडणाऱ्याचे व एक हिस्सा मालकाचा. सरकारला ठेवा हवा असल्यास त्यातील धातूची किंमत व वर तिचा पाचवा भाग सरकार देते आणि तीच रक्कम वाटली जाते. लपवणाऱ्याचा वाटा मात्र सरकारजमा होतो. शिवाय १ वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकते. लपवण्यास साथ देणारा मालकही शिक्षेस पात्र ठरतो.

१०० वर्षांहून जुन्या मूर्ती, नाणी वगैरे पुरावस्तूंचा परवान्याशिवाय व्यापार करण्यास १९७२ च्या कायद्याने मनाई आहे. तेव्हा सराफाकडे किंवा भंगारवाल्याकडे धाव घेऊ नये.

वस्तूइतकीच तिची जागाही मोलाची असते. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरी टेकाडातून निघालेली पोसायडन या समुद्रदेवाची काशाची मूर्ती रोमी जगाशी आपल्या व्यापाराची साक्ष देते. तीच मूर्ती ठिकाण न सांगता बाजारात आली असती, तर ही साक्ष हरवली असती. इंग्लंडमध्ये घरबांधणीची परवानगी देतानाच अनेकदा अट घातली जाते, की माती काढताना पुरातत्त्वज्ञ हजर राहील आणि त्याचा खर्च बांधणारा करील. आपल्याकडे ही नजर बहुतेक वेळा गवंड्याला व मुकादमालाच ठेवावी लागते.

तेव्हा एवढे लक्षात ठेवावे:

१) त्या जागी यंत्र व कुदळ लगेच थांबवा.
२) वस्तू घासू-धुऊ नका. गाडगे रिकामे करू नका.
३) खोली मोजा, फोटो काढा.
४) जिल्हाधिकारी कार्यालयात अर्ज देऊन पोच घ्या.
५) माणसाची हाडे लागल्यास पोलिसांना कळवा.
६) प्लॉट घेण्यापूर्वी जवळ केंद्र सरकारचे संरक्षित स्मारक आहे का, ते पाहा. २०१० च्या दुरुस्तीनुसार स्मारकापासून १०० मीटरपर्यंत नव्या बांधकामास मनाई आहे आणि त्यापुढील २०० मीटरमध्ये परवानगी लागते.

ठेकेदाराने आणखी एक करावे. असे काही सापडून काम थांबले, तर त्या दिवसांची मजुरी व यंत्राचे भाडे कोणी द्यायचे, हे करारातच लिहून घ्यावे. मजुराची रोजी बुडणार नसेल, तर लपवण्याचा मोहही त्याला होणार नाही.